गावच्या झाडांची ज्ञानकोशातील नोंद

(राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

राजूर हे गाव श्रीगणपतीच्या स्थानामुळे साऱ्या मराठवाड्याला परिचित आहे. चतुर्थीला, आणि विशेषतः अंगारकीला, दूरदूरचे भाविक येथे येतात. त्यांच्या हाती दूर्वांची जुडी असते. भाद्रपदातील गणेशपूजेत तर एकवीस प्रकारची पत्री वाहण्याचा परिपाठ आहे. दूर्वा, शमी, आघाडा, माका, बेल, धोतरा, रुई, कण्हेर, डाळिंब, अर्जुन, पिंपळ, हादगा अशी ती यादी आहे. बारकाईने पाहिले तर ही यादी म्हणजे एक छोटासा वनस्पतिकोशच होय. ज्या काळी घरातील मुलेबाळे ही पत्री स्वतः रानात हिंडून गोळा करीत, त्या काळी पूजेच्या निमित्ताने त्यांना वीस-एकवीस झाडांची पाने, फुले, वास आणि ठावठिकाणा यांची ओळख होत असे. त्यासाठी वेगळी शाळा लागत नव्हती.

आज पत्रीची जुडी बाजारात बांधून मिळते. त्या जुडीतील कोणते पान कोणत्या झाडाचे, हे विकणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही आणि घेणारा ते विचारतोच असेही नाही. नाव उरले आहे, झाड नजरेआड होत आहे. वृद्ध माणसांच्या बोलण्यात असलेली शेकडो वनस्पतींची नावे त्यांच्याबरोबरच लोप पावण्याचा धोका आहे. अशा वेळी ही माहिती लिहून ठेवण्याचे, तपासून घेण्याचे आणि सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देण्याचे काम काही स्वयंसेवक संगणकाच्या साह्याने करीत आहेत. विकिपीडिया या खुल्या ज्ञानकोशातील वनस्पतिविषयक लेख सुधारण्याचे हे काम आहे. या कामाचे स्वरूप काय, त्याची गरज का, आणि राजूरसारख्या गावाला त्यात कोणता वाटा उचलता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एक नाव, अनेक झाडे

राजूर या नावाचेच उदाहरण घेता येईल. या नावाचे एक गाव जालना जिल्ह्यात आहे, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे आणि तिसरे यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ आहे. म्हणूनच येथील माणूस परगावी आपला पत्ता सांगताना 'गणपतीचे राजूर' असे सांगतो. ज्ञानकोशालाही हीच दक्षता घ्यावी लागते. एका नावाची अनेक गावे असल्यास तेथे प्रथम एक निःसंदिग्धीकरणाचे पान केले जाते आणि वाचकाला हव्या त्या गावाकडे वाट दाखविली जाते.

झाडांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने देतात. आपट्यासारखीच दुभंगलेली, पण आकाराने मोठी पाने कांचनाला असतात. दोन्ही झाडे एकाच प्रजातीतील, म्हणजे बौहिनिया या गटातील आहेत. पण आपटा हा बौहिनिया रॅसिमोसा, तर कांचन ही त्याची भावंडे होत. दसऱ्याच्या बाजारात दोन्हींची पाने आपटा म्हणूनच खपतात. शमीची गोष्टही अशीच आहे. शमी म्हणजेच सौंदड, शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया. हे कोरड्या भागातले, शेताच्या बांधावर शोभणारे, गुणी देशी झाड आहे. त्याच्याच कुळातील वेडी बाभूळ ही मात्र अमेरिका खंडातून आलेली असून पडीक जमिनी आणि ओढ्यांचे काठ तिने व्यापून टाकले आहेत. या दोघींना पूर्वी शास्त्रज्ञ एकाच प्रजातीत मोजत. एका झाडाची माहिती दुसऱ्याच्या नावावर चढली, तर ज्याचे संवर्धन करावयाचे त्याच्यावर कुऱ्हाड आणि ज्याला आवर घालावयाचा त्याची लागवड, असा उलटा प्रकार होऊ शकतो.

जालना जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचे उदाहरण मोसंबीचे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबी हा शब्द मोझांबिक या आफ्रिकेतील प्रदेशाच्या नावावरून आलेला आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही गोड संत्र्याची जात असून मानांकनाच्या नोंदीतही तिला 'जालना स्वीट ऑरेंज' असेच म्हटले आहे. परंतु इंग्रजी बोलण्यात मोसंबीला सर्रास 'स्वीट लाइम' म्हणतात. या नावाने शोध घेणारा वाचक मिठा लिंबू या वेगळ्याच फळाच्या माहितीपाशी पोहोचतो. एखाद्या तरुण बागायतदाराने रोगाची लक्षणे किंवा खुंटाची माहिती शोधावी आणि ती दुसऱ्याच फळाची निघावी, हा निव्वळ शब्दांचा घोळ म्हणून सोडून देता येणार नाही. त्यात त्याचा हंगाम जाऊ शकतो.

येथेच शास्त्रीय नावाचे महत्त्व कळून येते. स्थानिक नाव गावागणिक बदलते, शास्त्रीय नाव जगभर एक असते. मात्र शास्त्रीय नावही कायमचे नसते. जुन्या मराठी पुस्तकांत बाभळीचे नाव अकेशिया अरेबिका असे आढळते. पुढे ते अकेशिया निलोटिका झाले. अकेशिया हे प्रजातीनाम मुख्यतः ऑस्ट्रेलियातील झाडांसाठी राखून ठेवावे, असा निर्णय २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला. २०११ मध्ये मेलबर्न येथे तो कायम झाला, आणि बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका या नावाने ओळखली जाऊ लागली. छापील ग्रंथात असा बदल करावयाचा तर पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागते. खुल्या ज्ञानकोशात तो त्याच दिवशी करता येतो, आणि जुनी नावेही शेजारी नोंदवून ठेवता येतात. अर्थात ते करणारे कोणीतरी असावे लागते.

चुकीच्या माहितीची किंमत

वनस्पतींविषयीची अपुरी माहिती जिवावर बेतू शकते. मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. हे झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून शेताला कुंपण म्हणून ते गावोगाव लावले गेले. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी त्याची शिफारस केल्यानंतर पडीक जमिनींवरही त्याची लागवड झाली. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. एकाने खाल्ल्या की खेळगड्यांनाही वाटल्या जातात, आणि थोड्याच वेळात मुलांना उलट्या, जुलाब व पोटदुखी सुरू होते.

आता या झाडाच्या नावांकडे पाहावे. मोगली एरंड म्हटल्यामुळे तो साध्या एरंडाचा भाऊ वाटतो. कुळ एकच असले तरी एरंड हा रिसिनस कम्युनिस आणि मोगली एरंड हा जॅट्रोफा कर्कस, अशी ही दोन वेगळी झाडे आहेत. साध्या एरंडाच्या बियाही विषारीच असतात, ही गोष्ट निराळी. मोगली एरंडाला चंद्रज्योत असेही म्हणतात. हिंदीत त्याचे नाव रतनज्योत असे आहे, आणि रतनज्योत याच नावाने खाद्यपदार्थांना लाल रंग आणणारी एक मुळीही बाजारात मिळते. ती वनस्पती सर्वस्वी वेगळी आहे. एखाद्या लेखात या दोन्हींची माहिती एकत्र झाली, तर विषारी बीज खाण्यायोग्य ठरते. वाचक लेखकाच्या भाषेचे गुणदोष पाहत बसत नाही, तो लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो.

मराठीत वनस्पतींविषयी लिहिताना एक सवय आढळते. झाडाचे नाव, त्याखाली औषधी गुणांची लांबलचक यादी, आणि त्यापुढे पूर्णविराम. झाड कसे ओळखावे, त्याचा कोणता भाग विषारी, हा गुण कोणत्या ग्रंथात सांगितला आहे, की कोणाच्या तोंडून ऐकला आहे, यांपैकी काहीच नसते. अशाच मजकुराच्या नकला ठिकठिकाणी उतरतात आणि खुल्या ज्ञानकोशातही येऊन पडतात. स्वयंसेवकांच्या कामाची सुरुवात बहुधा अशा लेखांपासूनच होते.

कोशपरंपरेचा वारसा

अनेक माणसांनी मिळून वनस्पतींचा कोश सिद्ध करावा, ही कल्पना या भूमीला नवी नाही. सतराव्या शतकात मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. १६७८ पासून तो ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध होऊ लागला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे व वर्णने आहेत. इट्टी अच्युतन हा मलबारचा वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य यांनी त्यासाठी माहिती पुरविली. या तिघा वैद्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे, आणि चित्रांवर झाडांची स्थानिक नावेही नागरीत दिलेली आहेत. माहिती कोणी दिली, याची नोंद ग्रंथातच ठेवण्याची ही रीत आजही अनुकरणीय आहे. पुढे लिनिअस या थोर शास्त्रज्ञाने वनस्पतींना नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला.

मराठीत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'वनौषधी गुणादर्श' लिहून वैद्यकातील वनस्पतींचे ज्ञान मराठीत आणले. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर शासनाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वकोशातील वनस्पतींवरील नोंदी तज्ज्ञांनी लिहिलेल्या असून आता त्या संगणकावरही वाचता येतात. मराठवाड्यापुरते बोलायचे तर डॉ. वि. ना. नाईक यांनी या विभागातील वनस्पतींचा शास्त्रीय ग्रंथ, 'फ्लोरा ऑफ मराठवाडा', १९९८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. तो इंग्रजीत आहे. राजूर परिसरातील शिक्षकाला आपल्या शिवारातील झाडाची ओळख पटवावयाची असेल, तर त्याच्यासाठी हा ग्रंथ मोठा आधार आहे.

या परंपरेतील प्रत्येक कोश थोर विद्वानांच्या परिश्रमांतून उभा राहिला. खुल्या ज्ञानकोशाने त्यात भर घातली ती सहभागाची. विद्वानांचे ग्रंथ हाच त्याचाही पाया आहे. पण भिंत रचण्याच्या कामात गावच्या शिक्षकालाही हात लावता येतो.

खुल्या ज्ञानकोशाची रीत

विकिपीडिया हा ज्ञानकोश इंग्रजीत जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी झाला. त्यातील लेखांची संख्या आता सुमारे एक लाखाच्या घरात आहे. लेखकांना मानधन नाही, वाचकांना वर्गणी नाही. कोणीही लेख लिहू शकतो आणि दुसऱ्याने लिहिलेला लेख सुधारू शकतो.

'कोणीही' हा शब्द ऐकून जबाबदार माणसाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. कोणीही लिहावयाचे, तर चुकीचे लिहिणाऱ्याला आवर कोण घालणार? या शंकेचे उत्तर तेथील व्यवस्थेत आहे. प्रत्येक लेखाला इतिहासाचे एक पान जोडलेले असते. कोणत्या दिवशी, कोणत्या सदस्याने, कोणता शब्द बदलला, याची नोंद त्यात राहते. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार नोंदीशी याची तुलना करता येईल. चुकीचा बदल झाल्यास पूर्वीचा मजकूर परत आणता येतो. लेखाला चर्चेचे पानही असते, आणि मतभेद तेथे मांडावयाचे असतात. आधार नसलेल्या विधानापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करता येते. ग्रंथातील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणे निषिद्ध आहे. माहिती घ्यावी, शब्द स्वतःचे असावेत आणि ग्रंथाचा निर्देश करावा, असा नियम आहे. ही सारी व्यवस्था माणसांच्या जागरूकतेवर चालते, हे मात्र विसरता येणार नाही. ज्या लेखाकडे कोणी फिरकत नाही, त्यातील चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

मोगली एरंडावरील एखादा अपुरा लेख स्वयंसेवक कसा सुधारील, हे पाहिले म्हणजे या कामाची कल्पना येईल. प्रथम तो शास्त्रीय नाव व कुळ यांची चौकट भरील. मग मराठीतील सर्व प्रचलित नावे देऊन, साध्या एरंडाहून आणि रतनज्योत या मुळीहून हे झाड वेगळे असल्याचे स्पष्ट करील. पान, फूल, फळ आणि बी यांचे वर्णन सोप्या शब्दांत करील. बियांचा विषारीपणा, विषबाधेची लक्षणे आणि विलंब न लावता रुग्णालय गाठण्याची आवश्यकता यांविषयीचा मजकूर वैद्यकीय ग्रंथाच्या आधाराने लेखाच्या आरंभीच आणील. औषधी उपयोगांपैकी ज्यांना ग्रंथाधार आहे तेवढेच, त्या ग्रंथाचे नाव देऊन ठेवील. बाकीचे चर्चेच्या पानावर हलवील. शेवटी झाडाची स्वच्छ छायाचित्रे जोडील. एका लेखासाठी सलग दोन-तीन सायंकाळी लागतील. परंतु त्यानंतर तो लेख कोणत्याही जिल्ह्यातील पालकाला, शिक्षकाला वा आरोग्यसेविकेला क्षणात वाचता येईल.

छायाचित्रांचे काम लेखनाइतकेच मोलाचे आहे. विकिमीडिया कॉमन्स या २००४ मध्ये सुरू झालेल्या भांडारात छायाचित्रे ठेवली जातात आणि तेथून ती सर्व भाषांतील लेखांत वापरता येतात. भारतातील अनेक हौशी छायाचित्रकारांनी आपली वनफुलांची छायाचित्रे सर्वांच्या मुक्त वापरासाठी खुली केली आहेत. ओळख पटविण्यासाठीही मदत मिळते. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'ई-फ्लोरा ऑफ इंडिया' या समूहात अभ्यासक व हौशी निरीक्षक एकमेकांची छायाचित्रे तपासून झाडे ओळखतात. नुसत्या फुलाच्या छायाचित्रावरून ओळख पटत नाही. संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल, फळ आणि साल अशी छायाचित्रे, त्यांसोबत स्थळ व महिना, एवढे असेल तर काम निश्चित होते.

ऐकीव ज्ञान आणि लेखी आधार

येथे एक खरी अडचण उभी राहते, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गावातील वृद्ध शेतकऱ्याला, गुराख्याला, सुईणीला किंवा वैदूला जे ज्ञान आहे, ते बहुतांशी कोठेही छापलेले नाही. आणि ज्ञानकोशाचा नियम तर असा की, जे अन्यत्र प्रसिद्ध झालेले आहे तेच येथे यावे. म्हणजे ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याच्यापाशी कागद नाही, आणि ज्याच्यापाशी कागद आहे त्याने ते झाड पाहिलेले असतेच असे नाही. खेड्यातील माणसाला हा नियम अन्यायाचा वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही.

तथापि नियमामागील कारण समजून घेतले पाहिजे. ऐकीव गोष्टींना थारा दिला, तर खऱ्या अनुभवाबरोबर भोंदूची जाहिरातही आत येते, आणि वाचकाला दोहोंत फरक करता येत नाही. म्हणून नियम सैल करण्यापेक्षा गावाच्या ज्ञानाला कागद मिळवून देणे हा मार्ग अधिक हिताचा ठरतो.

तो मार्ग कायद्याने उपलब्ध करून दिला आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ यातील कलम ४१ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. लोकांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम आहे. गावात कोणती झाडे, पिके, वाण, गवते, पशुपक्षी आहेत, त्यांची स्थानिक नावे कोणती, उपयोग कोणते, हे या नोंदवहीत यावे अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ नागपूर येथून या कामाला मार्गदर्शन करते. पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी अशा नोंदवह्यांची कल्पना पुढे आणली, आणि लोकांनी मिळून ज्ञान उभारण्याच्या विकिपीडियाच्या रीतीचाही त्यांनी पुरस्कार केला. या दोन गोष्टींतील नाते त्यांना दिसले होते. अनेक ठिकाणी नोंदवही मुदत गाठण्यासाठी घाईने भरून कपाटात ठेवली जाते. वस्तुतः गावाने आपल्या झाडांविषयी लिहिलेला पहिला ग्रंथ म्हणून तिच्याकडे पाहिले पाहिजे.

लेखी नोंदीचे मोल हळदीच्या प्रकरणात साऱ्या देशाला कळून आले. जखम भरून आणण्यासाठी हळदीचा वापर हा नवा शोध असल्याचे मानून अमेरिकेत १९९५ मध्ये एकस्व देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला हरकत घेतली. घरोघरच्या आजीबाईंचा अनुभव तेथे पुरावा म्हणून चालला नसता. जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील दाखले सादर झाले, आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सर्वच ज्ञान जगासमोर खुले करावे असे नाही. एखाद्या वैदूची उपजीविका ज्या माहितीवर चालते, किंवा जी दुर्मीळ वनस्पती ठिकाण कळताच मुळासकट उपटली जाईल, तिच्याविषयी लिहिण्यापूर्वी त्या माणसाची व ग्रामसभेची संमती घेतली पाहिजे. खुल्या कोशात एकदा गेलेले परत घेता येत नाही. काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, हे ठरविण्याचा अधिकार गावाचाच आहे.

राजूर परिसरात काय करता येईल

जालना जिल्ह्यात या कामाला पोषक अशा गोष्टी पुष्कळ आहेत. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने तुरीचे बीडीएन ७११ यांसारखे वाण विकसित केले आहेत. खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून संशोधन प्रसिद्ध करीत आहे. या संस्थांची प्रकाशने म्हणजे ज्ञानकोशाला हवे असलेले विश्वसनीय संदर्भच होत. तालुक्याच्या ठिकाणी, भोकरदन येथे, प्राचीन भोगवर्धन नगराचे उत्खनन झाले. त्याचा डॉ. शां. भा. देव व डॉ. रा. श्री. गुप्ते यांनी लिहिलेला अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तेथे सापडलेल्या प्राचीन धान्याच्या अवशेषांचाही अभ्यास झाला. दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत लोक काय पिकवीत आणि काय खात, ही माहिती इंग्रजी अहवालातून मराठी लेखात आणणे, हे इतिहासाच्या एखाद्या शिक्षकाला सहज करता येण्यासारखे काम आहे.

आरंभ लहान असावा. शाळेच्या आवारातील आणि गावाच्या शिवेवरील वीस झाडे निवडावीत. गणपतीच्या पत्रीतील झाडांपासूनच प्रारंभ केला, तर गावाला ते काम आपले वाटेल. विद्यार्थ्यांनी प्रत्येक झाडाला गावातील निरनिराळ्या वस्त्यांवर, निरनिराळ्या वयाची माणसे काय म्हणतात ते विचारून वहीत लिहावे. वर्षभरात त्या झाडाला पालवी कधी आली, फूल कधी आले, फळ कधी धरले याच्या नोंदी ठेवाव्यात. विज्ञान शिक्षकाने महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून ओळख पक्की करून घ्यावी. ग्रामपंचायतीने या नोंदी जैवविविधता नोंदवहीत समाविष्ट कराव्यात. मग दोन-तीन शिक्षकांनी मिळून मराठी विकिपीडियावरील त्या झाडांचे लेख उघडावेत, आणि जेथे उणीव दिसेल तेथे ग्रंथाधारासह भर घालावी. ज्या झाडाची ओळख निश्चित झालेली नाही, त्याविषयी लिहिण्याची घाई करू नये. शंका असल्यास चर्चेच्या पानावर विचारावे.

येथे तीन पथ्ये सांगणे आवश्यक वाटते. पहिले, औषधी उपयोग लिहिताना मात्रा व उपचार सुचवू नयेत. ज्ञानकोश वैद्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरे, धोतरा, कण्हेर, बिट्टी, गुंज, मोगली एरंड यांसारख्या वनस्पतींच्या लेखात विषारीपणाचा उल्लेख ठळकपणे असलाच पाहिजे. यांपैकी काही तर पूजेच्या निमित्ताने घरात येतात व लहान मुलांच्या हाती लागतात. तिसरे, विद्यार्थ्यांची नावे, पत्ते वा छायाचित्रे कोशात देऊ नयेत. झाडाची माहिती द्यावी, माणसाची खासगी माहिती देऊ नये.

वीज, संगणक, जोडणी यांच्या अडचणी खेड्यात आहेत, हे मान्यच केले पाहिजे. परंतु मराठी टंकलेखन करता येणारा भ्रमणध्वनी आज बहुतेक घरांत आहे, आणि या कामाचा मोठा भाग तर वही, पेन्सिल आणि पायपीट यांवरच होतो. शिक्षकांवर आधीच अनेक कामांचा भार असतो. म्हणूनच हे काम सक्तीचे परिपत्रक म्हणून वरून येऊ नये. ज्याला झाडांची आवड आहे अशा एका शिक्षकापासून आणि ज्याला गावाची आस्था आहे अशा एका सदस्यापासून ते सुरू व्हावे. स्वयंसेवकाचे काम हुकमाने होत नाही. आणि हुकमाने भरलेल्या नोंदींची अवस्था काय होते, हे शासकीय कर्मचाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

बंधुभगिनींनो, पुढील भाद्रपदात राजूरच्या एखाद्या घरातील मूल पत्रीची जुडी सोडून विचारील, की यातील शमी कोणती? घरातील कोणाला ते सांगता आले, तर उत्तमच. नाही आले, तर ते मूल भ्रमणध्वनीवर मराठीत 'शमी' असा शब्द लिहून पाहील. त्याच्यासमोर उघडणाऱ्या पानावर योग्य झाडाचे चित्र, योग्य नाव आणि खरी माहिती असेल की नाही, हे त्या मुलाच्या शाळेतील शिक्षकांच्या आणि गावाच्या पंचांच्या हाती आहे. शिवेवरची सौंदड अजून उभी आहे, आणि तिला ओळखणारी माणसेही अजून गावात आहेत. ती आहेत तोवरच ही नोंद पुरी करून घेतली पाहिजे.